मुदतीची शस्त्रसंधी कोणाच्या पथ्यावर?

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गाझातील बेचाळीस दिवसांचा टप्पा, युक्रेनसाठी सुचवलेले तीस दिवस, मग ईस्टरचे तीस तास, अशा मुदतीच्या शस्त्रसंधीच्या बातम्या आपल्या अंकात गेली काही वर्षे वारंवार येत आहेत आणि त्यावर वाचकांची मतेही वाचायला मिळतात. त्यांत ढोबळमानाने दोन तट दिसतात. अशी शस्त्रसंधी म्हणजे आक्रमकाला दम घेण्यासाठी दिलेली उसंत, असे एक तट म्हणतो. बंदुका एक दिवस जरी थांबल्या तरी तेवढी माणसे वाचतात, तेव्हा तिला विरोध करणारा युद्धखोरच, असे दुसरा म्हणतो. मी इतिहासाचा शिक्षक होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, आणि अंबाझरीच्या बांधावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींतही हाच वाद रोज नव्याने पेटतो. माझी अडचण अशी आहे की, दोन्ही तट शस्त्रसंधीचा विचार तिच्या दिवसांवरून करतात. तीस दिवस दोन्ही सैन्यांना तीसच मिळतात, हे खरे. परंतु त्या दिवसांत कोणाच्या वाटेवर काय येत आहे, हे पाहिल्याशिवाय ती मुदत कोणाच्या कामाची हे सांगता येत नाही.

यासाठी नागपूरकराला फार लांब जायला नको. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर लढाई जुंपली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचा निकाल लागला. नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांचे सैन्य सुमारे अठरा हजार होते, तर दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, जेंकिन्स याच्याजवळची इंग्रजांची फौज दीड हजाराच्या आतबाहेर होती. भोसल्यांकडील अरबांनी धाकटी टेकडी घेतलीही होती. पण इंग्रजांच्या घोडदळाच्या एका चढाईने पारडे फिरले. आपण ही गोष्ट सहसा इथेच संपवतो. मला मात्र त्यानंतरचे अठरा-एकोणीस दिवस अधिक बोलके वाटतात. इंग्रज जिंकले होते खरे, पण त्यांच्या फौजेचा जवळपास चौथा भाग ठार किंवा जखमी झालेला होता आणि उतरून शहरावर चालून जाण्याइतके बळ त्यांच्यात उरले नव्हते. अशा वेळी आप्पासाहेबांनीच वकील, म्हणजे दूत, पाठवले, झाल्या प्रकाराबद्दल खेद कळवला, लढाई थांबली आणि बोलणी सुरू झाली. त्या थांबलेल्या दिवसांत आप्पासाहेबांच्या मदतीला येणार कोण होते? ज्याच्या भरवशावर हा डाव मांडला तो पेशवा खडकीच्या लढाईनंतर पुणे सोडून पुढे पळत होता. इंग्रजांची कुमक मात्र नागपूरची वाट चालत होती. १२ डिसेंबरला जनरल डव्हटन मोठे सैन्य घेऊन पोहोचला, १५ तारखेला आप्पासाहेबांपुढे निर्वाणीच्या अटी ठेवल्या गेल्या आणि १६ डिसेंबरला नागपूरची दुसरी लढाई होऊन भोसल्यांचा तोफखाना इंग्रजांच्या हाती गेला. थोडक्यात, २७ नोव्हेंबरला थांबण्याची अधिक गरज इंग्रजांना होती आणि थांबण्याची विनंती केली आप्पासाहेबांनी. सीताबर्डीचा किल्ला सामान्य माणसासाठी वर्षातून मोजके तीन दिवस उघडतो. त्या दिवशी वर जाणाऱ्यांना लढाईची माहिती हमखास मिळते, पण या अठरा दिवसांबद्दल कोणी बोलताना मी ऐकलेले नाही.

त्याच्याही चौदा वर्षे आधीचा प्रसंग वऱ्हाडातला आहे. १८०३ च्या नोव्हेंबरात दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले हे दोघे मिळून इंग्रजांशी लढत होते. २३ नोव्हेंबरला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याने शिंद्यांच्या वकिलाशी युद्ध थांबवण्याचा करार केला. शिंद्यांच्या सैन्याने एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, पूर्वेला वीस कोस अंतर ठेवून राहावे अशी त्यात अट होती. त्या करारात रघूजी भोसल्यांचा समावेश नव्हता. एका मित्राशी युद्धविराम आणि दुसऱ्याशी युद्ध चालूच, ही रचना ज्याने मान्य केली त्याने युती आपण होऊन मोडून दिली. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. सहाव्या दिवशी, २९ नोव्हेंबरला, अडगावजवळ भोसल्यांच्या फौजेशेजारी शिंद्यांचे घोडदळ दिसले. अट पाळली नाही म्हणून करार बाद, असे म्हणून वेलस्लीने दोघांवरही हल्ला केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख आणि कटक भोसल्यांच्या हातून गेले. शस्त्रसंधीचा प्रस्ताव शत्रूला थांबवण्यासाठी असतो असे आपण धरून चालतो. काही वेळा तो शत्रूच्या मित्रांसाठी असतो.

‘मराठे लढाईत जिंकतात आणि तहात हरतात’ असे आपल्याकडे म्हटले जाते आणि वरील उदाहरणांनी त्याला बळ मिळेल, याची मला कल्पना आहे. परंतु जून १६६५ मधला पुरंदरचा तह याच मातीतला आहे. तेवीस किल्ले मोगलांना देऊन बारा किल्ल्यांवर समाधान मानणे, हे त्या दिवशी कोणालाही हारच वाटले असेल. मिर्झाराजे जयसिंगांची फौज पुरंदराखाली बसलेली असताना एकेक आठवडा शिवाजी महाराजांच्या विरुद्ध जात होता. लढाई थांबल्यावर मात्र काळाची दिशा बदलली. मिर्झाराजे १६६७ मध्ये वारले, औरंगजेबाला वायव्य सरहद्दीवरच्या पठाणांकडे पाहावे लागले, आणि आग्र्याहून परतलेल्या महाराजांनी मधली वर्षे राज्याची घडी बसवण्यात घालवली. १६७० च्या फेब्रुवारीत सिंहगडापासून किल्ले परत येऊ लागले. म्हणजे दुबळ्याने थांबणे नेहमीच त्याच्या मुळावर येते असे नाही. पुरंदरी थांबणाऱ्याने पुढच्या चार-पाच वर्षांचा हिशेब मांडलेला होता, नागपुरात थांबणाऱ्याने पुढच्या चार-पाच दिवसांचाही मांडला नव्हता.

आता युक्रेनकडे वळतो. ११ मार्च २०२५ रोजी जेद्दा येथे अमेरिकेने पुढे केलेला तीस दिवसांच्या शस्त्रसंधीचा प्रस्ताव युक्रेनने मान्य केला. त्याआधीच्या आठवड्यात अमेरिकेने युक्रेनची लष्करी मदत आणि गुप्तवार्तांची देवाणघेवाण थांबवली होती. होकार मिळताच त्याच दिवशी ती पुन्हा सुरू झाली. रशियाने अजून तोंडही उघडले नव्हते, आघाडीवर एकही तोफ थांबलेली नव्हती, आणि तरी युक्रेनच्या पदरात शस्त्रसंधीपेक्षा मोलाचे काहीतरी पडलेले होते. प्रस्ताव फेटाळला गेला म्हणजे तो वाया गेला, असे आपण समजतो. येथे होकार देण्यातच एका बाजूचा लाभ होता.

दोन दिवसांनी पुतिन यांनी उत्तर दिले. प्रस्ताव तत्त्वतः मान्य आहे, पण काही प्रश्न आहेत, असे त्याचे स्वरूप होते. (‘तत्त्वतः मान्य’ या शब्दांचा अर्थ सरकारी कचेरीत एकदा तरी खेटे घातलेल्या माणसाला वेगळा सांगायला नको.) मात्र त्यांनी विचारलेले प्रश्न मला पोकळ वाटत नाहीत. सुमारे दोन हजार किलोमीटरच्या आघाडीवर कोणी काय मोडले हे कोण ठरवणार? या तीस दिवसांत युक्रेन नवी भरती करणार का, त्याला शस्त्रे मिळत राहणार का? हे प्रश्न आप्पासाहेबांनी २७ नोव्हेंबरला विचारायला हवे होते. फरक इतकाच की, पुतिन ते विचारत होते तेव्हा त्यांची फौज, युक्रेनने आत घुसून काही मुलूख घेतलेल्या रशियाच्या कुर्स्क भागात, पुढे सरकत होती आणि सुजा हे गाव नुकतेच परत तिच्या हाती येत होते. पुढे सरकणाऱ्याला मुदत नको असते, पण जगासमोर नकारही द्यायचा नसतो. मग अटींच्या रूपाने तो नकार देतो.

त्यानंतर रशियाने स्वतः जाहीर केलेल्या शस्त्रसंधी पाहाव्यात. एप्रिलमध्ये ईस्टरनिमित्त तीस तास, मे महिन्यात विजय दिनाच्या आगेमागे तीन दिवस. तीस तासांत कोणाला कुमक येत नाही, दमलेली तुकडी बदलून नवी आणता येत नाही, खंदक खोल करता येत नाहीत. नाव मात्र शस्त्रसंधीचेच राहते. झेलेन्स्की यांनी लगेच तेच तीस तास तीस दिवसांपर्यंत वाढवा असे उलट सुचवले. दोघेही शांततेची भाषा बोलत होते आणि दोघेही आपापल्या सोयीची लांबी मागत होते. दोन्ही वेळा उल्लंघनाचे आरोप दोन्हीकडून झाले, हे ओघाने आलेच.

याच युद्धाची आधीची पायरी म्हणजे पूर्व युक्रेनमधली लढाई थांबवण्यासाठी झालेले मिन्स्कचे करार. १२ फेब्रुवारी २०१५ रोजी झालेल्या दुसऱ्या कराराप्रमाणे १५ तारखेच्या मध्यरात्री तोफा थांबायच्या होत्या. देबाल्तसेव हे रेल्वेचे मोक्याचे ठिकाण त्यानंतर तीन दिवसांनी, १८ तारखेला, युक्रेनच्या हातून गेले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये जर्मनीच्या माजी चॅन्सलर अँजेला मर्केल यांनी एका मुलाखतीत मिन्स्क करारामुळे युक्रेनला बळ वाढवायला वेळ मिळाला अशा अर्थाचे विधान केले आणि रशियाने ते फसवणुकीचा कबुलीजबाब म्हणून जगभर फिरवले. माझ्या मते त्या सात वर्षांचा उपयोग दोघांनीही केला, आणि म्हणूनच २०२२ चे युद्ध २०१५ पेक्षा कितीतरी मोठे झाले. युद्धविरामाने दोन्ही बाजूंचा फायदा झाला तर त्याचा अर्थ शांतता जवळ आली असा होत नाही, ही गोष्ट ‘थांबणे केव्हाही चांगले’ म्हणणाऱ्या तटाने मनावर घ्यावी.

आपल्या स्वतःच्या देशाच्या अनुभवात मुदतीइतकाच रेषेचा प्रश्न आहे. १ जानेवारी १९४९ ला काश्मीरमध्ये तोफा थांबल्या आणि २७ जुलै १९४९ च्या कराची करारात शस्त्रसंधीची रेषा नकाशावर उतरली. ती एनजे ९८४२ या बिंदूपर्यंत नेमकी सांगितली गेली आणि पुढे ‘तेथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत’ असे मोघम लिहून सोडून दिली. तात्पुरत्या व्यवस्थेत एवढे चालते असे त्या वेळी वाटले असावे; बर्फात कोण जाणार! एप्रिल १९८४ मध्ये भारतीय सैन्य सियाचिनवर चढले ते त्या अपुऱ्या वाक्यामुळेच, आणि तेव्हापासून तेथे आपले जवान गोळीपेक्षा थंडीने आणि हिमस्खलनाने अधिक गेले आहेत. दुसरीकडे नोव्हेंबर २००३ मध्ये नियंत्रण रेषेवर गोळीबार थांबला, त्याला कोणतीही लेखी मुदत नव्हती. त्या शांततेत भारताने रेषेवरचे कुंपण २००४ मध्ये पूर्ण करून घेतले, जे गोळीबार चालू असताना महाकठीण होते. पाकिस्तानकडच्या गावांतील लोकांनाही त्या काही वर्षांत शेतात जाता आले. मे २०२५ मध्ये चार दिवसांच्या संघर्षानंतर जे थांबले त्याला आपल्या सरकारने काळजीपूर्वक ‘समझोता’ असा शब्द वापरला आणि कारवाई केवळ स्थगित आहे असे सांगितले. शब्दांची ही काटकसर अनेकांना पळवाट वाटली. १९४९ चे एक वाक्य किती महागात पडले हे पाहिल्यावर मला ती तशी वाटत नाही.

गाझाचे उदाहरण वेगळ्या कारणाने अभ्यासण्यासारखे आहे. इस्रायल आणि हमास यांच्यातील नोव्हेंबर २०२३ च्या सात दिवसांच्या युद्धविरामात हमासकडचे १०५ ओलीस सुटले आणि २४० पॅलेस्टिनी कैदी बाहेर आले. १९ जानेवारी २०२५ पासूनच्या बेचाळीस दिवसांत ३३ इस्रायली ओलीस परत आले, त्यांतील आठ मृतावस्थेत, आणि दीड हजारांहून अधिक पॅलेस्टिनी कैदी सुटले. मदतीचे ट्रक मोठ्या संख्येने आत गेले. दोन्ही वेळा व्यवहार चालला, कारण देण्याघेण्याची वस्तू दोघांकडेही होती आणि ती मोजता येत होती. दुसऱ्या टप्प्याची बोलणी सोळाव्या दिवशी सुरू व्हायची होती. ती नीट झालीच नाहीत. २ मार्चला मदत अडवली गेली आणि १८ मार्चला बॉम्बफेक पुन्हा सुरू झाली. गाझावर राज्य कोणाचे आणि इस्रायली सैन्य कायमचे बाहेर जाणार की नाही, हा ज्यासाठी युद्ध चालले होते तो प्रश्न दुसऱ्या टप्प्यात होता. पहिल्या टप्प्यात सगळे सोपे आणि दुसऱ्यात सगळे अवघड ठेवणारा करार पहिल्या टप्प्यानंतर मोडतो, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. तरीही त्या बेचाळीस दिवसांत घरी आलेल्या माणसांच्या आप्तांना ‘करार फसला’ असे सांगण्याचे धैर्य मला होणार नाही.

लढणाऱ्या दोन बाजूंपैकी कोणाचा फायदा, या प्रश्नात ज्यांचा विचारच होत नाही त्यांच्याविषयी लिहिणे भाग आहे. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या सुमी शहरात सुमारे सातशे भारतीय विद्यार्थी अडकले होते. ७ तारखेला ते बसमध्ये चढले आणि मार्ग सुरक्षित नाही म्हणून त्यांना उतरवण्यात आले; ८ तारखेला काही तासांपुरती तोफांची शांतता पाळली गेली आणि ते पोल्टावाकडे निघाले. त्या काही तासांनी कोणाची आघाडी एक इंचही हलली नाही. गाझात सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिओच्या लसीकरणासाठी भागाभागाने सकाळचे काही तास लढाई थांबवण्यात आली आणि साडेपाच लाखांहून अधिक बालकांना डोस मिळाला. एल साल्व्हाडोरच्या यादवीत १९८५ पासून लसीकरणासाठी असेच दिवस राखून ठेवले जात होते. अशा लहानशा, एका कामापुरत्या आणि एका जागेपुरत्या थांबण्याला दोन्ही सेनापती राजी होतात ते त्यात कोणालाच फार मिळवता येत नाही म्हणून. मोठ्या मुदतीला नेमके उलट होते. येथे मी ‘एक दिवस जरी थांबले तरी’ म्हणणाऱ्यांच्या बाजूचा आहे, मात्र त्यांनी ते दिवस कोणत्या कामासाठी हे आधी ठरवून मागावेत.

कोरियात तर थांबण्याच्या अटी ठरायलाच दोन वर्षे लागली. जुलै १९५१ मध्ये बोलणी सुरू झाली, जुलै १९५३ मध्ये पानमुनजोमला सह्या झाल्या, आणि मधल्या काळात टेकड्यांसाठीची लढाई चालूच होती. त्यांतला बराच काळ परत जायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांच्या एकाच प्रश्नावर अडला होता. तो गुंता सोडवण्याचे काम भारताकडे आले. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि बावीस हजारांहून अधिक कैद्यांचा ताबा घेतलेल्या भारतीय दलाचे नेतृत्व आपल्या मराठी मुलखातले मेजर जनरल शंकरराव थोरात करीत होते. मी वर्गात हा भाग शिकवताना मुलांना एवढेच विचारीत असे की, कैद्यांना पहारा द्यायला कोणी तिसरा मिळाला नसता तर त्या कागदावर सह्या झाल्या असत्या का? कोरियात आजही शांततेचा तह झालेला नाही, पण ती तात्पुरती व्यवस्था सत्तर वर्षांहून अधिक टिकली आहे. याउलट मिन्स्क करार पाळला जातो का हे पाहणाऱ्या निरीक्षकांकडे दुर्बिणी आणि नोंदवह्या होत्या, अडवण्याचा अधिकार नव्हता.

आमच्या विदर्भाच्या दारातला प्रसंग तर ताजा आहे. २०२५ मध्ये माओवाद्यांकडून शस्त्रसंधीची विनंती पत्रकांमधून पुन्हा पुन्हा पुढे आली. केंद्र सरकारने ती नाकारली आणि शस्त्रे खाली ठेवा एवढेच उत्तर दिले. ऑक्टोबरमध्ये त्यांचा ज्येष्ठ नेता भूपती सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. जंगलातली आपली माणसे दर आठवड्याला कमी होत असताना मागितलेली मुदत समोरच्याने का द्यावी, याचे उत्तर मागणाऱ्यांजवळ नव्हते. गडचिरोलीच्या सामान्य गावकऱ्याला मधले काही महिने शांततेचे मिळाले असते तर बरे झाले असते, असेही मला वाटते. ही दोन्ही मते एकाच वेळी बाळगण्यात मला विसंगती दिसत नाही. श्रीलंकेत फेब्रुवारी २००२ ची शस्त्रसंधी तमिळ वाघांच्या फायद्याची आहे असे तेव्हा बहुतेकांना वाटले होते. २००४ मध्ये शांततेच्याच काळात त्यांचा पूर्वेकडचा सेनानी करुणा फुटला आणि मे २००९ मध्ये संघटनाच संपली. युद्ध थांबल्यावर माणसे घरचा विचार करू लागतात, आणि पोलादी शिस्तीच्या संघटनेला ते झेपत नाही.

तेव्हा, संपादक महोदय, माझी विनंती आपल्या विदेश-वार्ता विभागाला आहे. पुढच्या वेळी अशी बातमी येईल तेव्हा दिवसांच्या आकड्याबरोबर करारातली कलमेही, मिळतील तितकी, छापावीत. मुदतीत बाहेरून शस्त्रे आणण्यास मुभा आहे की मनाई, तुकड्या बदलता येतील की नाही, रेषा कोणत्या गावांवरून जाते, उल्लंघन झाल्यास ठरवणारा कोण आणि त्याच्या हाती काय अधिकार आहे, हे वाचकाला कळू द्यावे. १८०३ च्या त्या करारात निदान वीस कोस असे स्पष्ट लिहिलेले होते. आणि मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय व्हायचे, याबद्दल करारात एखादे वाक्य असेल तर ते पहिल्या परिच्छेदात घ्यावे. ते नसेल, तर नाही असे तरी लिहावे. अंबाझरीच्या बांधावरचा आमचा वाद त्याने मिटणार नाही, पण निदान तो तीस दिवस बरे की बेचाळीस, यावर अडणार नाही.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
धरमपेठ, नागपूर